त्रिकोण मिटत नाही तेव्हा
(लेखमाला : मुलं आणि संगणकीय विचार, भाग ४)

मोठ्या कामाचे लहान टप्पे कसे पाडायचे, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता पुढची पायरी: तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेणं, आणि गणित फसलं तर नेमकं कुठे फसलं ते हुडकणं.

ऑनलाइन कार्यशाळेत ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत समभुज त्रिकोण काढायला दिला, की एक चूक हमखास होते. ‘१०० पावलं चाल, ६० अंश वळ’ असं मुलं तीनदा करायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असतं. पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन, तोंड उघडं असलेला. शिक्षकानं इथेच उत्तर सांगून टाकलं, तर तास वाया गेला. त्यापेक्षा मुलाला खुर्चीवरून उठवून घरातल्या फरशीवर त्रिकोण चालायला लावावं. कोपऱ्यावर आपण आतल्या नव्हे, बाहेरच्या कोनातून वळतो, हे त्याच्या पायांनाच कळतं. ३६० भागिले ३, म्हणजे १२०. पाच बाजूंना ७२, आठ बाजूंना ४५. तोच त्रिकोण दर वेळी १० अंशांनी फिरवत ३६ वेळा काढला, की रांगोळीसारखं फूल तयार!

सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. पुढे तिच्यात आलेलं कासव अशाच आज्ञांवर चालायचं. २००७ साली एमआयटीतून सर्वांसाठी खुलं झालेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं.

तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची ही रीत आपल्या खानदेशाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धत हेच करते: उत्तर हाती येईपर्यंत तीच कृती, दर फेरीला नवे आकडे घेऊन. ज्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो, अशी सर्वांत लहान संख्या त्यांनी या पद्धतीनं काढली: २२,६१,५३,९८०. फर्मानं हाच प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला तो १६५७ साली.

आजच्या खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या शाळांत, पडदे तर आलेच आहेत. मूळचे धुळ्याचे, अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी सभा घेतल्या, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा डिजिटल झाल्या. हे काम मोठंच. पण पडद्यावरचा धडा पाहणं वेगळं आणि पडद्याला हुकूम देणं वेगळं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. खरं तर चौथीतलं पोरही हे आनंदानं करतं.

रेंज नाही, ही सबब नको. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. संगणकच नसेल, तर एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमातले कितीतरी खेळ वही-पेन्सिलीवर होतात. शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच: मूल अडलं, तरी लगेच माउस हातात घेऊ नका. आधी त्याला आपल्या आज्ञा मोठ्यानं वाचायला सांगा.

पुढच्या भागात: ‘जर… तर…’