ओल आणि खार : बांधकामाच्या साहित्याची पारख व राखण

वसंत ऋतू कवींना कोकिळेचा वाटतो. पेण-रोह्याच्या गृहस्थाला मात्र तो स्लॅबचा वाटतो. चैत्र-वैशाखात पाया भरून, जोते उचलून, मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी डोक्यावर छप्पर घालावे, अशी ज्याला त्याला घाई असते. या घाईत नकाशाची चर्चा होते, दारे-खिडक्यांची होते, फरशीच्या रंगाची तर घरात चार दिवस चालते. परंतु अंगणात येऊन पडलेली वाळू, पडवीत रचलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि चिखलात लोळणाऱ्या सळ्या यांकडे पाहण्यास कोणाला सवड नसते. आजचे विवेचन या दुर्लक्षित ढिगांविषयी आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यात, महाड येथे ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे दगावली. ती इमारत काही पेशवाईतली नव्हती. तिचे वय दहा वर्षांच्या आसपास होते. त्यात दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपण त्यात पडू नये. परंतु घर बांधणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा होता : माझ्या भिंतीत काय जात आहे, हे मी पाहिले आहे काय? गिलावा चढल्यावर ते पाहता येत नाही. पाहण्याची वेळ एकच, माल ढिगात असतो तेव्हाची.

आपल्या भागात या ढिगांना दोन चोर लागतात. एक ओल व दुसरा खार. पेण व रोहे येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका अंगास धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगास कुंडलिकेचे मुख. मध्ये खारेपाट आणि मिठागरे. खारेपाटातील शेतकऱ्याला हा शत्रू पुरता ठाऊक आहे. बांध घातल्यावाचून तो भात लावीत नाही. तेवढीच सावधगिरी घर बांधताना ठेवावी, एवढेच माझे सांगणे आहे.

प्रथम सिमेंट घेऊ. सिमेंट पाण्याशी संयोग पावून दगडासारखे होते, हाच त्याचा गुण. पण ते पाणी घमेल्यातले आहे की हवेतल्या दमटपणातले, हे सिमेंटला कळत नाही. गोणीत बसल्याबसल्या ते हवेतली ओल घेते आणि आपली शक्ती तिथेच खर्च करून बसते. साधारणपणे तीन महिन्यांत सुमारे पंचमांश बळ जाते, असा अंदाज पाठ्यपुस्तके देतात. आपल्या पावसाळी हवेत याहून लवकरही जाईल. म्हणून गोणी घेताना तिच्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष वाचावे. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. गोणीत हात घालावा. गार व मऊ लागले तर ठीक. बोटांनी न फुटणारे खडे लागले, तर ते सिमेंट मेले असे समजावे. चाळून घेऊ म्हणणाऱ्या मुकादमाचे ऐकू नये, कारण चाळणीने खडे जातात, गेलेले बळ परत येत नाही.

गोण्या ठेवण्याची रीत भारतीय मानक संस्थेने आय. एस. ४०८२ या मानकात घालून दिली आहे. जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच फळ्या टाकाव्या, भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे, थप्पी दहा गोण्यांहून उंच करू नये. आठांच्या वर गेल्यास गोण्या एक थर उभ्या, एक थर आडव्या अशा रचाव्या, म्हणजे थप्पी अंगावर ढासळत नाही. पावसाळ्यात सगळी थप्पी प्लॅस्टिकच्या जाड कागदात गुंडाळावी. आणि जी गोणी आधी आली ती आधी वापरावी. पुष्कळ ठिकाणी नवा माल पुढे लागतो व मागची रांग दिवाळीपर्यंत तशीच राहते.

वाळूत खार लपतो, गाळ लपतो आणि पाणीही लपते. तिन्हींचा शोध घरच्या घरी लागतो. काचेची सरळ बाटली घ्यावी, अर्ध्या लिटर पाण्याला चमचाभर मीठ टाकावे, अर्ध्यापर्यंत वाळू घालून खूप हलवावे आणि तीन तास स्वस्थ ठेवावे. वाळू खाली बसते, गाळाचा थर तिच्यावर दिसतो. वाळू १० सेंटिमीटर असेल तर गाळ ८ मिलिमीटरच्या आत असावा. जास्त असल्यास वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी.

पाण्याची लबाडी याहून गमतीची आहे. किंचित ओली वाळू फुगते, कारण कणांभोवतीचे पाणी त्यांना एकमेकांपासून दूर धरते. हे फुगणे २०-३० टक्क्यांपर्यंत जाते. भांड्यात ओली वाळू २० सेंटिमीटर उंचीपर्यंत सैल भरावी, मग काढून घ्यावी. भांडे अर्धे पाण्याने भरून तीच वाळू पुन्हा टाकावी व ढवळावी. पूर्ण भिजलेली वाळू कोरडीइतकीच जागा घेते. ती १६ सेंटिमीटरवर बसली, तर आपण एक ब्रासचे, म्हणजे १०० घनफुटांचे, पैसे देऊन ८० घनफूट वाळू घेतली, असा हिशेब झाला. शिवाय गवंड्याचे चारास एक हे मापही चुकले.

आता खार. खाडीच्या वाळूत मीठ असते आणि मीठ काँक्रीटपेक्षा सळईचा घात करते. काँक्रीटमध्ये सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. मिठातले क्लोराइड तो भेदते आणि सळई आतल्या आत गंजू लागते. गंज मूळ लोखंडाहून दुप्पट व अधिक जागा मागतो; ती मिळाली नाही म्हणजे काँक्रीट फोडतो. छताचा खपला पडून सळई उघडी झालेली आपण पाहतो, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आय. एस. ४५६ प्रमाणे सळई घातलेल्या एक घनमीटर, म्हणजे सुमारे चोवीसशे किलो, काँक्रीटमध्ये क्लोराइड सारे मिळून ६०० ग्रॅमच्या वर असू नये. ते मोजण्याचे काम प्रयोगशाळेचे. परंतु वाळू धुतलेले पाणी खारट लागले, तर प्रयोगशाळेपर्यंतही जाऊ नये, माल परत करावा. हाच न्याय पाण्यालाही. भरतीला मचूळ होणाऱ्या विहिरीचे पाणी काँक्रीटला घालू नये. ही काळजी केवळ आपल्यापुरती नाही. चीनमधील शेन्झेन शहरात २०१३ साली न धुतलेली समुद्राची वाळू बांधकामांत गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा तेवढ्या संपन्न शहराचीही झोप उडाली होती.

विटेची परीक्षा आपल्या आजोबांनाही येत होती. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत नाद यावा, नखाने ओरखडा उठू नये, कमरेच्या उंचीवरून टाकल्यास फुटू नये. तिला आणखी एक परीक्षा जोडावी. कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. तीन किलोच्या विटेने ६०० ग्रॅमहून अधिक पाणी प्यायले, तर ती आपल्या पावसात भिंतीला ओल आणणारच. सुकताना अंगावर पांढरा लोणा उठला, तर तिच्यात खार आहे.

सळई डोळ्यांनी ओळखत नाही, काट्यावर ओळखते. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून त्यास १६२ ने भागले की एक मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांब सळई १०.६७ किलो भरली पाहिजे. दहा-वीस नग एकत्र तोलून पाच टक्क्यांहून अधिक तूट आली, तर माल घेऊ नये. सळ्या ठोकळ्यांवर, जमिनीपासून उंच व झाकून ठेवाव्या. फार दिवस पडणार असतील तर सिमेंटच्या पातळ पाण्याचा हात द्यावा. हलका तांबूस रंग चालतो, पापुद्रे सुटणारा गंज चालत नाही.

शेवटची परीक्षा काँक्रीटची. ते ओतताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे, ज्यांना कामावर क्यूब म्हणतात, भरून घ्यावे, पाण्यात ठेवावे, आणि काही सातव्या, काही अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून घ्यावे. पाच घनमीटरपर्यंतच्या छोट्या कामालाही तीन ठोकळ्यांचा एक नमुना सांगितलेला आहे. संपूर्ण घराच्या खर्चात हा खर्च नगण्य असतो, तरी तोच आधी कापला जातो. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन याने १७५६ साली एडिस्टनच्या खडकावर दीपगृह उभारावयास घेतले, तेव्हा निरनिराळ्या चुन्यांचे गोळे पाण्यात ठेवून कोणता टिकतो ते आधी पाहिले, आणि मग समुद्राशी झुंज घेतली. मोठ्या गोष्टीची परीक्षा छोट्या गोळ्यावर करावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

राखणीत माणसाची राखणही येते. खणलेल्या चराच्या काठाशी विटा वा खडी टाकू नये. दीड मीटर तरी मागे असावी, नाहीतर ओल्या मातीसह सारे आतल्या मजुरावर येते. विटांची रास दहा थरांहून उंच नको. रंग, थिनर व डांबर कुलपात, विडी-चुलीपासून लांब ठेवावे व जवळ वाळूच्या बादल्या असाव्या. कोणी भाजलेला चुना आणलाच, तर पावसाचा थेंब त्यावर पडू देऊ नये. तो तापून आग लावू शकतो. आणि गोण्यांच्या थप्पीआड मजुरांची मुले झोपवू नयेत, हे मालकाने स्वतः पाहावे.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आजही वाचता येते. ज्याने काम केले त्याने आपले नाव त्याखाली ठेवले. आपल्याला दगडावर कोरण्याची गरज नाही. आठ आण्यांच्या काळापासून मिळणारी साधी वही कामावर ठेवावी. माल कधी आला, बाटलीत गाळ किती दिसला, सळई किती भरली, क्यूब कोणत्या तारखेचे, हे तीत लिहावे आणि खाली मालक व ठेकेदार या दोघांची सही असावी. सही करावयाची आहे हे ठाऊक असले की हात आपोआप गोणीत जातो. यंदा ज्यांचे जोते झाले आहे त्यांनी उद्या सकाळीच एक बाटली व मूठभर मीठ घेऊन वाळूच्या ढिगापाशी जावे. मृगाला अजून अवकाश आहे.