वर्गणीचा डबा आणि ३४० रुपये

बचत गटाच्या हिशोबाबद्दल या कार्यक्रमात आपण पुष्कळदा बोललो आहोत. आज जरा वेगळ्या पैशांबद्दल बोलायचं आहे. हे पैसे आपण आपल्यासाठी जमवत नाही, दुसऱ्या कुणासाठी मागून आणतो. वृद्धाश्रमासाठी, अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी, मेडिकलला भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांच्या जेवणासाठी. संक्रांत जवळ आली की गावोगावच्या गटांत विषय निघतोच, "यंदा वाण लुटण्यापेक्षा काही तरी दान करू." विचार चांगला आहे. पण तो पार पाडताना आमची जी फजिती झाली, ती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव नागपूरहून उमरेडकडे जाताना लागतं. गावातल्या तीन गटांनी मिळून ठरवलं की हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीनं जमेल ते डब्यात टाकायचं आणि सोबत घरातल्या वापरात नसलेल्या साड्या द्यायच्या. शहराजवळच्या एका वृद्धाश्रमाला हे सगळं नेऊन द्यायचं होतं. बिस्किटाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि कागद चिकटवला. रात्री सगळ्यांसमोर मोजले तेव्हा ७,१८० रुपये निघाले. टाळ्या वाजल्या. चार दिवसांनी आमच्यातल्या चौघी साड्यांची गाठोडी घेऊन गेल्या आणि पैसे देऊन पावती घेऊन आल्या. पावती होती ६,८४० रुपयांची.

३४० रुपयांचा फरक. ती पावती एकीनं पाहिली, तिनं दुसरीला सांगितलं आणि दळणाच्या रांगेत ही गोष्ट गावभर झाली. "आमचे पैसे कुठी गेले वं बाई?" असं कोणी आम्हाला तोंडावर विचारलं असतं तर बरं झालं असतं. कोणी विचारलं नाही. फक्त आमच्या कोषाध्यक्ष ताईकडे बघून बाया गप्प होऊ लागल्या.

आता खरं काय झालं होतं? गाठोडी एसटीत घेईनात, म्हणून मालाचा ऑटो केला होता. ऑटोवाल्याला ३४० रुपये ताईनं डब्यातूनच दिले आणि कुठे लिहिलं नाही. चोरी कोणाचीच नव्हती. पण ही ताई एकल महिला आहे. नवरा गेल्यावर दोन पोरांना घेऊन तिनं शिवणकामावर घर चालवलं, नऊ वर्षं गटाची वही लिहिली आणि एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. तरी बोट तिच्याकडेच गेलं. घरी सासू म्हणाली, "कायले जातं तिथं? लोकाईचे पैसे सांभाळाले अन् आपलंच नाव खराब कराले?" ताई तीन बैठकांना आली नाही.

आम्ही सगळ्या जणी तिच्या घरी गेलो. ऑटोवाल्याला फोन लावून स्पीकरवर त्याच्याकडून रक्कम वदवून घेतली, सासूलाही ऐकवली. पुढच्या बैठकीत पूर्ण हिशोब मोठ्यानं वाचला. ताई परत आली, पण एक अट घालून. "वही मी लिहीन, पैशाले हात लावणार नाही." ती अट आजही चालू आहे. आणि आम्हाला विचाराल तर ती अटच आमच्या पुढच्या सगळ्या नियमांचं मूळ आहे. पैसे धरणारी एक आणि वही लिहिणारी दुसरी असली की दोघींवरही आळ येत नाही.

तिन्ही गट मिळून आम्ही ३४ जणी आहोत. दहा-दहा रुपये काढले असते तर बरोबर ३४० झाले असते! त्या वेळी हे कोणाला सुचलं नाही. आता नेण्याआणण्याचा खर्च सभासद आपल्या खिशातून करतात आणि तो कोण देणार हे डबा फिरण्याआधीच ठरावात लिहिलं जातं. देणगीच्या डब्यातून चहासुद्धा नाही. काही गट म्हणतात, संस्थेच्या कामासाठीच तर खर्च झाला, मग त्यातून घेतला तर काय बिघडलं? बिघडत काही नाही, फक्त देणाऱ्याला ते आधी सांगितलेलं हवं. आम्ही आमच्यापुरतं कडक ठेवलं, कारण आम्ही पोळलेल्या आहोत.

दुसरी फजिती साड्यांची. अकरा गाठोडी घेऊन आमच्या बाया पोहोचल्या तर तिथल्या बाईंनी एक खोली उघडून दाखवली. खोली साड्यांनी छताला टेकली होती. बाईंनी नाही म्हटलं नाही, हसून ठेवून घेतल्या. पण निघताना हळूच म्हणाल्या की आजींना साडी नेसवत नाही, आम्ही गाऊन घालतो. त्यांना हव्या होत्या चादरी, मेणकापड, मोठ्या माणसांचे डायपर आणि आंघोळीच्या खोलीत भिंतीला लावायचे धरायचे दांडे. यातलं एकही आमच्या मनात आलं नव्हतं. आम्ही आमच्या कपाटात काय जास्त झालंय ते पाहिलं होतं.

तेव्हापासून आम्ही आधी जातो आणि विचारतो. महिन्याचा किराणा काय लागतो, कोणती वस्तू वर्षातून एकदाच येते आणि कोणती सारखी संपते? दिवाळीत सगळे मिठाई घेऊन येतात, मग मे महिन्यात काय असतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं. सणाला गर्दी, एरवी शुकशुकाट. वस्तू देतानाही भान लागतं. मुदत संपत आलेली औषधं, उरलेलं लग्नाचं जेवण, तुटक्या चेनची स्वेटरं यांना दान म्हणू नये. ती आपली अडगळ असते आणि तिची विल्हेवाट दुसऱ्याला लावावी लागते.

नेमकं मागितलं की लोक देतात, हे आपल्या भागात जुन्या बायांनी करून दाखवलं आहे. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज भूदानाच्या दिवसांत कूपदानासाठी फिरल्या. भूदानात जमीन मिळाली तरी पाणी नसेल तर भूमिहीन ती कसणार कशी? म्हणून त्यांनी विहिरीसाठी दान मागितलं. विहीर सगळ्यांना कळते, ती झाली की नाही हे डोळ्यांनी दिसतं. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आणि आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. सीताबर्डी आणि महालातलं मातृसेवा संघाचं रुग्णालय तुम्हाला माहीत असेल. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी 'मातृसेवा'त जन्मलेलं कोणी ना कोणी आहे. ही संस्था १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी सुरू केली, अवघ्या ४ खाटांच्या प्रसूतिगृहापासून. कमलाताई लहान वयात विधवा झालेल्या होत्या, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या होत्या. त्या काळी बाळंतीण घरातल्या अंधाऱ्या खोलीत पडून असायची आणि तिचं जगणं-मरणं नशिबावर सोडलेलं असायचं. त्या वेळी या दोघींनी समाजाच्या मदतीवर दवाखाना उभा केला. पुढे संस्थेचं समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, मतिमंद मुलांसाठी शाळा निघाली, वृद्धाश्रम निघाला. कमलाताईंना १९६१ साली पद्मश्री मिळाली. संस्था शंभरी ओलांडून आजही चालू आहे.

ही गोष्ट आम्ही आमच्या गटात सांगितली तेव्हा एका काकूंनी प्रश्न केला, "म्हणजे कमलाताई आपल्या हळदीकुंकवाले आल्या असत्या तर आपण त्याईले बोलावलं असतं का?" सगळ्या गप्प. आमच्या कोषाध्यक्ष ताईनंही त्या दिवशी डबा बाहेरच्या खोलीतच सांभाळला होता, आत कुंकू लावायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. पैसे मोजायला ती चालत होती. त्या वर्षापासून आमच्याकडे हळदीकुंकू होत नाही, तिळगुळाचा मेळावा होतो आणि त्याला सगळ्या येतात. दोन-तीन घरांतून नाराजी आहे, अजून आहे. असू द्या.

ज्यांच्याकडे रोख नसते त्यांचं काय? इथे पवनारच्या विनोबांची आठवण काढायची. त्यांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली होती. घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाच्या हातानं रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. मूठ लहान मुलाची का, तर कोणत्याही घराला जड जाऊ नये आणि मुलाला सवय लागावी. आमच्या गावात सध्या २५ घरांत असे डबे आहेत. आम्ही तराजूवर पाहिलं, मुलाच्या एका मुठीत साधारण २० ग्रॅम तांदूळ येतो. म्हणजे २५ घरांचा रोजचा अर्धा किलो आणि महिन्याचा १५ किलो. फार नाही. पण ज्या वसतिगृहाला तो जातो तिथे तो दर महिन्याला जातो, सणासुदीची वाट पाहत नाही. एक काळजी घ्या, तांदळाला पोरकिडे लागले की तो कोंबड्यांनाच टाकावा लागतो. पावसाळ्यात डबे दर पंधरा दिवसांनी रिकामे करा, त्यात कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा.

आता कायद्याचं थोडं, कंटाळू नका. आपल्याच सभासदांनी आपसांत पैसे काढून कुठे नेऊन दिले तर प्रश्न नाही. पण बाजारात, दुकानांत, दारोदार फिरून लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी मागायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. हिशोबही द्यावा लागतो. बचत गट हा नोंदलेला ट्रस्ट नसतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे ज्या नोंदणीकृत संस्थेसाठी मागायचं तिच्याकडून लेखी अधिकारपत्र आणि तिचंच पावतीपुस्तक घ्यायचं. आम्ही हेच करतो. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, दुकानदार तो पाहूनच गल्ल्याकडे हात नेतो. जो दुकानदार कर भरतो तो ८०जीबद्दलही विचारेल. संस्थेला ती मान्यता आहे का हे आधीच माहीत करून घ्या, आणि त्याला सांगा की २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर सवलत मिळत नाही, चेक द्या किंवा संस्थेच्या खात्यात थेट टाका. मोठी रक्कम आपल्या हातातून न जाणंच आपल्याला बरं. स्वतःच्या फोनच्या स्कॅनरवर तर कधीच घेऊ नका. घरच्या पैशात ते मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. गटाच्या बचत खात्यातही नाही, तिथे कर्जाचे हप्ते आणि व्याज चालू असतं.

संस्था खरी आहे का, हेही पाहायचं. नोंदणी विचारली म्हणून चांगली संस्था कधी रागावत नाही. मुलांचं घर असेल तर महिला व बालविकास विभागाकडची नोंदणी विचारा. जी संस्था "आत येऊ नका, इथेच द्या" असं दरवेळी म्हणते, तिच्याबद्दल आम्ही जरा सावध राहतो. मात्र आत गेलो म्हणून मोबाइल काढायचा नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, आपण दिलेला बिस्किटाचा पुडा हातात धरून आपल्या पोरानं कोणासोबत फोटोत उभं राहावं असं आपल्याला वाटेल का? आम्ही आता रिकाम्या हातांनी, म्हणजे फोटोशिवाय परत येतो. पावतीचा फोटो तेवढा ग्रुपवर टाकतो.

देणाऱ्यांची नावं आणि रकमा माइकवर वाचण्याचीही पद्धत आहे. आम्ही ती बंद केली. ५०० देणारीचं नाव मोठ्यानं घेतलं की १० देणारी पुढच्या वेळी येतच नाही. पण मग हिशोब उघडा कसा ठेवायचा? प्रत्येकीला पावती मिळते, तिच्यावर क्रमांक असतो. समाजमंदिराच्या फळ्यावर आम्ही फक्त पावती क्रमांक आणि रक्कम लिहितो, खाली एकूण बेरीज आणि शेजारी संस्थेकडून आलेली पावती. आपला क्रमांक आपल्यालाच माहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतल्या पोरी वाचून दाखवतात. गेल्या वर्षी एका मावशीनं फळ्यावर आपला आकडा चुकल्याचं दाखवलं, ५० च्या जागी ५ लिहिले होते. सगळ्यांसमोर खोडून दुरुस्त केलं. फळ्यापाशी कोणी कुजबुजलं नाही.

यंदाची यादी संस्थेकडून आलेली आहे. १२ मेणकापडं, २० चादरी आणि उन्हाळ्यासाठी पाण्याचे दोन मोठे रांजण. डबा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून फिरेल आणि रथसप्तमीला दुपारी दोन वाजता समाजमंदिरात उघडेल. डब्याला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोन वेगळ्या गटांकडे आहेत, त्यामुळे दोघीही आल्याशिवाय तो उघडणार नाही. वही लिहायला आमची तीच ताई बसणार आहे. येताना सुटे पैसे आणा आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.