एका छपराखाली दोन सरकारे

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात शाळेची पिवळी बस आणि रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक एकाच गॅरेजात शेजारी-शेजारी उभे दिसले, तर आपल्याला त्यात काही नवल वाटणार नाही. मुंबईत रस्तेही महापालिका बघते आणि तिच्या शाळाही तीच चालवते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मात्र या दोन गाड्यांचे मालक म्हणजे दोन स्वतंत्र सरकारे असतात. रस्ते नगर प्रशासनाकडे, तर शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे. डिस्ट्रिक्टचे मंडळ वेगळे निवडून येते, मालमत्ता कराचा त्याचा वाटा वेगळा असतो आणि त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळेलच असे नाही.

आयोवा हे शेतीप्रधान राज्य घेऊ. तिथे सुमारे सव्वातीनशे डिस्ट्रिक्ट आहेत. प्राथमिकचे मूल शाळेपासून दोन मैलांहून आणि हायस्कूलचे तीन मैलांहून लांब राहत असेल, तर त्याला ने-आण मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. त्यामुळे छोट्याशा डिस्ट्रिक्टलाही बसगाड्यांचा ताफा ठेवावा लागतो. ताफा आला की मेकॅनिक, लिफ्ट, डिझेलची टाकी, धुलाईची जागा हे सगळे ओघाने आलेच. पलीकडच्या गल्लीत नगर प्रशासनानेही नेमके हेच सगळे मांडलेले असते.

दोघांच्या कामाच्या वेळा बघितल्या की एकत्र येण्यातला फायदा लगेच कळतो. बस सकाळी आणि दुपारनंतर रस्त्यावर असते. मधले काही तास ती दुरुस्तीला मोकळी. आयोवात 23 ऑगस्टच्या आधी शाळा सुरू करता येत नाही, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी बसच्या मोठ्या कामांसाठी हाताशी. बर्फाचे ट्रक उन्हाळ्यात उभेच असतात, पण गवत कापण्याची आणि रस्तेदुरुस्तीची यंत्रे तेव्हाच धावतात. हिवाळ्यात मोठे वादळ आले की शाळा बंद राहते, बस जागेवर थांबते आणि मेकॅनिकचे हात ट्रककडे वळतात.

यंत्रांची सोयरीक तर आणखी जवळची. आयसी कंपनीची स्कूल बस आणि इंटरनॅशनलचा ट्रक एकाच उद्योगसमूहाचे. थॉमस बिल्टची बस आणि फ्रेटलायनर ट्रक डाइमलरच्या घरातले. रंग वेगळा असला तरी ही चुलत भावंडेच. त्यामुळे बिघाड शोधणारे संगणकी साधन, फिल्टर आणि ब्रेकचे बरेच सुटे भाग यांचा एकत्र साठा ठेवता येतो.

मात्र सगळेच एकत्र ठेवून चालत नाही. रस्त्यावर टाकायच्या मिठाचे कोठार बसच्या जागेपासून दूर लागते, कारण मीठ लोखंड खाते. बर्फातून परतलेल्या ट्रकचा तळ आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा लागतो, आणि त्या पाण्यातले तेल वेगळे काढूनच ते गटारात सोडावे लागते. मुले चढतात त्या बस आणि अवजड यंत्रे यांचे येण्या-जाण्याचे रस्तेही वेगळे आखावे लागतात.

खरा गुंता पैशांचा. इंधनावरच्या कराचा पैसा फक्त रस्त्यांसाठीच वापरायचा, असे आयोवाच्या राज्यघटनेतच 1942 पासून नमूद आहे. रस्त्यांच्या निधीतून पगार घेणाऱ्या मेकॅनिकने बसचे ब्रेक दुरुस्त केले, तर त्या तासांचे बिल डिस्ट्रिक्टकडे गेलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक जॉब कार्डावर गाडीचा क्रमांक, सुटे भाग, लागलेले तास आणि कोणत्या खात्यातून वसुली करायची हे लिहिलेले असावे लागते. इमारतीसाठी डिस्ट्रिक्टला रोखे काढायचे असतील, तर 60 टक्के मतदारांचा होकार लागतो.

ही भागीदारी शक्य होते ती 1965 च्या एका कायद्यामुळे. आयोवाच्या कायदेसंहितेत ‘28ई’ हे प्रकरण असलेल्या या कायद्यानुसार दोन सार्वजनिक संस्था करार करून एखादे काम मिळून करू शकतात. राज्य त्याला उत्तेजनही देते: डिस्ट्रिक्टने वाहतूक व्यवस्थापकासारखे पद दुसऱ्या डिस्ट्रिक्टशी किंवा स्थानिक संस्थेशी वाटून घेतले, तर अनुदान काढताना त्याच्या पटावर काही जादा विद्यार्थी धरले जातात. वर्गात कधीही न बसणारी ही मुले हिशेबात मात्र खरी मोलाची ठरतात.

वादळाच्या रात्री एकच लिफ्ट रिकामी असताना ट्रक आणि बस दोन्ही दारात उभे राहिले, तर आधी कोण? भागीदारी मोडली, तर ती लिफ्ट कोणाची? या प्रश्नांची उत्तरे करारात आधी लिहून ठेवावी लागतात. सामाईक गॅरेजचा आराखडा वास्तुविशारदाकडे नंतर द्यावा. आधी दोन्ही मंडळांनी एकत्र बसून वेळापत्रक आणि खातेवही जुळवावी.