मनोऱ्याविना विमानतळ

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या खिडक्यांचा एक उंच मनोरा उभा राहतो. त्यात बसलेला नियंत्रक एकेका विमानाला उतरण्याची वा उडण्याची परवानगी देतो. परंतु अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी मनोरा असलेले ५०० च्या आसपासच. बाकीच्या ठिकाणी लहान विमाने कोणाच्याही परवानगीवाचून रोज चढतात आणि उतरतात. मग ती एकमेकांवर आदळत कशी नाहीत? आणि कधी आदळतात ती कशामुळे?

मी वैमानिक नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. या विषयाचे जे ज्ञान आहे ते वाचून मिळवलेले आहे. परंतु डोक्यावर मुकादम नसताना माणसे आपसांत शिस्त कशी राखतात, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे.

पहिली गोष्ट वाऱ्याची. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि उडतेही तसेच. धावपट्टीशेजारी खांबाला कापडाची लांब पिशवी लावलेली असते. ती वाऱ्याने कोणीकडे फुगली आहे हे पाहून आज पट्टी कोणत्या दिशेने वापरायची ते प्रत्येकाला कळते.

दुसरी गोष्ट फेऱ्याची. उतरू पाहणारे विमान जमिनीपासून सुमारे १००० फुटांवर, पट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाते. पट्टीचे टोक मागे पडले की ते डावीकडे वळते, पुन्हा एकदा डावीकडे वळते आणि पट्टीच्या रेषेत येते. निराळी सूचना नसेल तर सारी वळणे डावीकडेच. वैमानिक डाव्या आसनावर बसतो, त्यामुळे पट्टी सतत त्याच्या नजरेत राहते. बाहेरून येणाऱ्याने या समांतर बाजूत ४५ अंशांच्या कोनाने शिरावे, असा तेथील विमान प्रशासनाचा सल्ला आहे. लाभ असा की, दुसरे विमान कोठे शोधायचे ते आधीच ठरून जाते. अख्खे आकाश धुंडाळण्यापेक्षा ठरलेल्या बाजू पाहणे सोपे.

तिसरी गोष्ट रेडिओची. प्रत्येक विमानतळाला एक ठरलेली लहर असते. सुमारे १० मैलांवरून वैमानिक त्या लहरीवर ऐकू लागतो आणि आपण कोण, कोठे आहोत व काय करणार हे सांगतो. एकच लहर अनेक विमानतळांना दिलेली असते, म्हणून विमानतळाचे नाव बोलण्याच्या आरंभी आणि अखेरीसही घ्यायचे. पण दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही शब्द वाया जातात. शिवाय अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओ बाळगण्याची सक्तीच नाही. सभेत ठरावाला कोणी विरोध केला नाही, तर अध्यक्ष मौन हीच संमती समजून तो मंजूर करतात. धावपट्टीवर तसे करता येत नाही.

१९ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे काय घडले ते पाहा. बारा माणसांचे एक प्रवासी विमान उतरायला येत होते. त्याला छेद देणाऱ्या दुसऱ्या पट्टीच्या तोंडाशी ‘किंग एअर’ जातीचे एक विमान दोन माणसांसह उभे होते आणि त्याच्यामागे ‘चेरोकी’ हे छोटे विमान. प्रवासी विमानाने विचारले, तुम्ही थांबणार की उडणार? किंग एअरकडून उत्तर आले नाही. उत्तर दिले मागच्या चेरोकीने, की मी थांबलो आहे. त्याच क्षणी प्रवासी विमानातील उंची सांगणारे यंत्र बोलले आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. प्रवासी विमानाला वाटले, किंग एअरनेच शब्द दिला. त्याने आभार मानले. गैरसमज कोणी दुरुस्त केला नाही. किंग एअर धावू लागले आणि दोन्ही विमाने पट्ट्यांच्या छेदावर आदळली.

धडकेतून प्रवासी विमानातील माणसे वाचली होती. लोक मदतीला धावले, पण दार उघडेना. विमानतळावर अग्निशामक पथक नव्हते. धुराने आणि आगीने ती माणसे गेली; दोन्ही विमानांतील चौदाही जण मेले. किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओकडे नीट लक्ष दिले नाही आणि आजूबाजूला नीट पाहिले नाही, हे मुख्य कारण चौकशीत ठरले.

कारखान्यात यंत्राच्या आत माणूस दुरुस्ती करीत असताना ‘चालू करू का?’ या प्रश्नाला कोठून तरी ‘हो’ आले, म्हणून शहाणा कामगार बटण दाबत नाही. ‘हो’ कोणी म्हटले ते आधी पाहतो. तोच नियम इथला.

आणि बोलणे ऐकू आले तरी पाहण्याची जबाबदारी सुटत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे दोन विमाने एकाच लहरीवर बोलत होती. एक फेऱ्यात होते, दुसरे फेरा न घेता सरळ आणि वेगाने आले. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात ती आदळली. तीन माणसे गेली. पाहण्यातही एक मेख आहे. जे विमान आपल्यावर आदळण्याच्या मार्गावर असते, ते काचेत सरकताना दिसत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे राहते आणि अखेरीस एकदम मोठे होते. हलणारी वस्तू डोळा चटकन टिपतो, स्थिर ठिपका निसटतो. म्हणून नजर सतत फिरती ठेवावी लागते. आता इतर विमाने पडद्यावर दाखवणारी उपकरणे आली आहेत, पण ती प्रत्येक विमानात नसतात.

तेथील कायद्यात एक कलम आहे. दोन विमाने उतरायला येत असली तर खालच्याचा हक्क पहिला. पण त्याच कलमात पुढे बजावले आहे की, या हक्काचा फायदा घेऊन कोणी दुसऱ्याच्या पुढे घुसू नये. हक्कासोबत त्याची मर्यादाही एकाच वाक्यात सांगणारे कलम मला मोलाचे वाटते. मनोऱ्यात कोणी नसले की ती मर्यादा पाळायला लावणाराही कोणी नसतो. ती ज्याने त्याने पाळायची, आणि दुसरा ती पाळतो आहे की नाही हे डोळ्यांनी पाहूनच पट्टीवर पाऊल टाकायचे.