गळालेला पाच

११ जानेवारी १९४३ रोजी पोलंडमधल्या लुब्लिनहून क्राकावला एक बिनतारी संदेश गेला. पाठवणारा एसएसचा अधिकारी हर्मान हेफ्ले. ब्रिटिशांनी तो हवेतल्या हवेत टिपला, त्याची गुप्त लिपी उलगडली आणि इतर संदेशांबरोबर फायलीला लावून टाकला. त्यात काय दडले आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. लंडनच्या क्यू भागातल्या सरकारी दफ्तरखान्यात तो २००० साली सापडला. पुढच्या वर्षी पीटर विटे आणि स्टीफन टायस यांनी तो प्रसिद्ध केला. नाझी छळछावण्यांविषयी हाती लागेल ते मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, पण या मोजक्या ओळींनी मला जसे पछाडले तसे दुसऱ्या कशाने नाही.

छावण्यांची नुसती आद्याक्षरे आहेत: एल, बी, एस, टी. लुब्लिन म्हणजे मायदानेक, मग बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका. आधी पंधरवड्यात छावण्यांत आणलेल्या ज्यूंचा हिशेब, त्यात बीपुढे शून्य, कारण बेल्झेकमधली हत्या डिसेंबरातच थांबली होती. मग १९४२ अखेरची गोळाबेरीज. एल २४,७३३, बी ४,३४,५०८, एस १,०१,३७०, टी ७१,३५५. एकूण १२,७४,१६६.

बेरीज करून पाहा, जमत नाही. टीच्या आकड्याला शेवटी आणखी एक पाच जोडला, ७,१३,५५५ केले, की शेवटच्या माणसापर्यंत ताळा जुळतो. कुठेतरी एक अंक गळाला होता आणि त्याच्यासोबत ६,४२,२०० माणसे. एसएसप्रमुख हिमलरचा संख्याशास्त्रज्ञ कोर्हेर याच्या १९४३च्या अहवालातही १२,७४,१६६ हाच आकडा आहे. मारेकऱ्यांची वहीच मारेकऱ्यांविरुद्ध इतकी चोख साक्ष देते, याचा मला संताप येतो आणि आधारही वाटतो.

ट्रेब्लिंकातली हत्या सुरू झाली २३ जुलै १९४२ला. आदल्या दिवशी सकाळी हाच हेफ्ले वॉर्सातल्या ज्यू मंडळाच्या कचेरीत आला होता. दुपारी चारपर्यंत हद्दपारीसाठी सहा हजार माणसे हजर करा, आणि रोज किमान तेवढीच, असा हुकूम. अध्यक्ष अॅडम चेर्नियाकूव यांना त्याने बजावले, की काम अडले तर तुमच्या बायकोला सगळ्यात आधी गोळी घालू. चेर्नियाकूव यांनी हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. अनाथ मुलांना तरी वगळा म्हणून त्यांनी खटपट केली. ती फळाला आली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांनी विष घेतले. टीपुढचा आकडा त्याच दिवसापासून चढू लागला, आणि अवघ्या पाच महिन्यांत सात लाखांपलीकडे गेला.

हेफ्लेला १९६१ साली अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच, ऑगस्ट १९६२मध्ये, त्याने व्हिएन्नाच्या तुरुंगात गळफास घेतला. त्या जानेवारीच्या सकाळी, क्राकावच्या संदेशाआधी पाच मिनिटे, त्याने बर्लिनला, ज्यूंच्या हद्दपारीचा कारभार पाहणाऱ्या आइकमानकडेही एक संदेश धाडला होता. जेरुसलेममध्ये आइकमानवर खटला चालला तेव्हा दोन्ही ब्रिटिशांच्या दप्तरात पडून होते.