मागच्या डिस्कला गंज का चढतो?

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या कारच्या चाकात सकाळी डोकावून पाहा. काल चकाकणारी डिस्क तांबूस झालेली असते. पहिला ब्रेक दाबताना खर्रर्र आवाज येतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो डिस्क पुन्हा स्वच्छ होते. हा गंज निरुपद्रवी आहे, पॅडच तो खरवडून काढतात. घोर लागावा तो खरवडलाच न जाणाऱ्या गंजाचा, आणि तो बहुधा मागच्या चाकांत सापडतो.

मुळात गंजणारा धातू वापरतातच कशाला? बाइकची डिस्क स्टेनलेस स्टीलची असते, ती अशी तांबारत नाही. पण टनाहून जड कार थांबवताना निघणारी उष्णता डिस्कभर झटकन पसरावी लागते आणि त्या कामात करडं बीड स्टेनलेसपेक्षा कितीतरी सरस ठरतं. बिडातले ग्रॅफाइटचे पापुद्रे उष्णता तर वाहून नेतातच, शिवाय ब्रेक किंचाळायला लावणारी कंपनंही जिरवतात. त्यात बीड स्वस्त.

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. मागच्या डिस्कवर पॅड जेमतेम घासतं आणि गंज मुरतो. इलेक्ट्रिक गाड्यांत तर वेग कमी करण्याचं काम बहुतेक वेळा मोटरच करते. फोल्क्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागे चक्क ड्रम ब्रेक दिले. जुनाट म्हणून हिणवलेला ड्रम बंदिस्त असल्याने आतला भाग कोरडा राहतो. मला तरी हा शहाणपणाचा निर्णय वाटतो.

पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण ३ मिलिमीटर उरला की ते बदलावं. पण बदलताना जुनी जोडी हातात घेऊन पाहाच. एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेलं आणि दुसरं निम्मं शाबूत असेल, तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्यात, किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये अडकलंय. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपखाली तो साचला की क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅड डिस्कवरून मागे सरकतच नाही. क्लिप काढून तारेच्या ब्रशने ब्रॅकेट लख्ख घासणं हे दहा मिनिटांचं काम, पण घाईतला मेकॅनिक नेमकं तेच टाळतो. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

नव्या पॅडसाठी जागा करताना मागचा पिस्टन अनेकदा नुसता दाबून आत जात नाही. हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या पोटात असेल तर तो फिरवत आत न्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्या आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्याव्या लागतात. जोर केला तर आतला स्क्रू तुटतो.

मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गंजाचं हे सगळं लवकर होतं. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नये. थोडी फिरवून, हलके ब्रेक मारून डिस्क वाळवावी. मॅन्युअल गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, हँडब्रेक सोडावा; नाहीतर पॅड डिस्कला चिकटतं. गंज नको म्हणून डिस्कवर तेल फवारणारेही भेटतात, त्यांना हात जोडावेत. जस्ताचा लेप दिलेल्या डिस्क मिळतात, पण घासणाऱ्या पृष्ठावरचा लेप टिकत नाही. कडा आणि मधला भाग मात्र वाचतो. खोल खड्डे पडलेली डिस्क लेथवर मारता येते, अर्थात तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या आत न जाता.

पॅड बसवून झाल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. गाडी जागची हलवण्यापूर्वी ते घट्ट होईपर्यंत दाबत राहावं आणि मग ब्रेक ऑइलची पातळी तपासावी.