शून्य म्हणजे ‘नाही’ नव्हे

(मोताळा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

समोर विद्यार्थी जास्त दिसतायत, पण मागे काही शेतकरी मंडळीही बसली आहेत. म्हणून सुरुवात विहिरीवरच्या मोटरीपासून करतो.

रात्री लाइट आली की आपण पोराला सांगतो, ‘जा रे, मोटर चालू करून ये.’ पोरगा जातो, येतो, झोपतो. ‘पाणी पडलं का?’ हे आपण विचारलंच नाही, तर सकाळी कळतं की फ्यूज उडालेला होता आणि कपाशी कोरडीच राहिली. प्रोग्रामिंगमध्ये फंक्शन म्हणजे हा पोरगा. त्याला कामाला धाडायचं, आणि येताना तो एक उत्तर घेऊन येतो. त्या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. उत्तर न विचारणं ही एक चूक. उत्तर विचारून त्याचा भलताच अर्थ काढणं ही दुसरी. ही दुसरी मी स्वतः केली आहे, तीच आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी डोळे तपासणीच्या एका शिबिरासाठी मला नावं निवडून द्यायची होती. जिल्ह्याची मोठी यादी होती, त्यातून मोताळा तालुक्यातली माणसं काढायची. मी पीएचपीत छोटी स्क्रिप्ट लिहिली. पत्त्यात ‘मोताळा’ शब्द शोधायचा, सापडला तर नाव यादीत घ्यायचं. रोहिणखेडची नावं आली, धामणगाव बढेची आली. यादी लांबलचक दिसत होती, कुठे एररही नाही. मी ती देऊन मोकळा झालो. मग मोताळ्यातलेच एक आजोबा विचारत आले, ‘बाबू, आमच्या गल्लीत कोणालेच चिठ्ठी नाही, असं कसं?’

खरंच नव्हती. तालुक्याच्या यादीतून तालुक्याचं गावच गळालं होतं!

झालं काय, ते बघा. पीएचपीत शब्द शोधणारं फंक्शन आहे, स्ट्रपॉस. ते ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत नाही; शब्द कितव्या जागेवर सापडला ते सांगतं. ‘मु. रोहिणखेड, ता. मोताळा’ या पत्त्यात त्याचं उत्तर येतं ४२. आता तुम्ही म्हणाल, इतकी अक्षरं कुठे आहेत? पण हे फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. ‘मोताळा’च्या आधी अशी १२ चिन्हं आहेत, त्यांचे ३६, टिंबं, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागांचे ६. झाले ४२.

गावातल्या माणसांनी मात्र पत्ता सरळ ‘मोताळा, जि. बुलढाणा’ असा लिहिलेला. शब्द अगदी सुरुवातीला. संगणकाची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून उत्तर आलं ०. शब्द सापडलाच नाही, तर हेच फंक्शन ‘फॉल्स’ देतं. आणि मी लिहिलं होतं नुसतं ‘इफ’. ‘इफ’ला ० आणि फॉल्स दोन्ही सारखेच. ‘पहिल्याच जागी सापडलं’ याचा अर्थ माझ्या स्क्रिप्टने ‘सापडलं नाही’ असा लावला.

पावसाच्या नोंदवहीचं उदाहरण घ्या. ‘आज पाऊस ० मिलिमीटर’ ही एक नोंद. रकाना कोरा असणं ही वेगळी गोष्ट, कारण त्या दिवशी कोणी मोजायलाच गेलं नाही. दोन्हींना सारखंच धरलं तर महिन्याचा हिशेब चुकणारच.

उपाय सोपा आहे. पीएचपीत दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी तीन वापरा: ===. हे चिन्ह किंमतीबरोबर प्रकारही तपासतं, त्यामुळे ० आणि फॉल्स वेगळे राहतात. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ पासून ‘स्ट्र कंटेन्स’ हे फंक्शन आहे, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. आणि खरं तर तालुक्यासाठी वेगळा रकानाच हवा. ‘मोताळा रोड, मलकापूर’ असा पत्ता आला, तर शब्द सापडेल पण माणूस मलकापूरचा असेल.

पायथनवाल्यांनी हसू नये. तिथे ‘फाइंड’ला शब्द सापडला नाही तर ते -१ देतं, आणि पायथनच्या ‘इफ’ला -१ म्हणजे ‘हो’. म्हणजे नसलेले सगळे आत, आणि सुरुवातीला असलेले बाहेर! तिथे ‘इन’ वापरावं.

शेल स्क्रिप्टमध्ये तर उलटा कारभार. तिथे ० म्हणजे काम फत्ते, बाकी कोणताही आकडा म्हणजे बिघाड. कारण यश एकाच तऱ्हेचं असतं, बिघाड अनेक तऱ्हांचे. ‘ग्रेप’ तीन उत्तरं देतं: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, आणि फाइलच उघडली नाही अशी अडचण आली तर २. आधी फोल्डर बदला आणि मग तिथल्या फाइली पुसा, अशा दोन ओळी लिहिल्या आणि फोल्डर बदललंच नाही, तर स्क्रिप्ट जिथे उभी आहे तिथल्याच फाइली पुसते. म्हणून दोन आज्ञांमध्ये && घालावं. पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते.

(एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग प्रत्येक फंक्शनचं उत्तर तपासत बसायचं का?’)

नाही. पडद्यावर एक ओळ छापली, तिचं उत्तर कोणी तपासत नाही. ज्या उत्तरावर पुढचं काम उभं आहे, ते तपासायचं: फाइल उघडणं, माहिती साठवणं, शोधणं, पुसणं. आणि फंक्शन वापरण्याआधी मॅन्युअलमध्ये ‘काय परत देतं’ एवढा भाग वाचा. स्ट्रपॉसच्या पानावर याच घोटाळ्याची सूचना दिलेली आहे. मी ती वाचली नव्हती.

शेवटी, यादी देण्याआधी तीन पत्ते हाताने घालून बघा. एकात शब्द सुरुवातीला, एकात मधे, एकात नाहीच. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं, तर आजोबांना चिठ्ठीसाठी माझ्यापर्यंत चालत यावं लागलं नसतं. एरर आली की निदान आपल्याला कळतं तरी. इथे मात्र माणसं यादीतून गुपचूप गळतात, आणि ती गळाली हे सगळ्यात शेवटी आपल्याला कळतं.